परवान्याची वेस

दिवाळी अंकात बंदुकीचे काय काम, असे हा अंक चाळता चाळता कुणी गृहिणी विचारील, तर तिला मी दोष देणार नाही. चकलीच्या ताटाशेजारी बसून वाचावयाचा मजकूर कसा हलका आणि खुसखुशीत असावा! पण मी असे म्हणतो की, ज्या घरात दसऱ्याच्या दिवशी विळ्या-कोयत्यापासून तलवारीपर्यंत सारे पाटावर मांडून त्यावर हळदकुंकू वाहतात, आणि ज्या घरातले पोर नरकचतुर्दशीच्या पहाटे टिकल्यांचे पिस्तूल हाती घेऊन आजोबांना हात वर करावयास लावते, त्या घराला हा विषय परका नाही. शस्त्राची पूजा आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. शस्त्राचा कायदा मात्र आम्ही कधी उघडून पाहिला नाही. पूजा भटजींवर आणि कायदा फौजदारावर सोपवून आम्ही मोकळे!

मी शाळामास्तर आहे. माझ्या घरी बंदूक नाही आणि यापुढेही असणार नाही. तेव्हा मी आपल्या पोळीवर तूप ओढून घेण्यासाठी भांडतो आहे, असा आरोप माझ्यावर कुणाला करता यावयाचा नाही. माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. बंदुकीचा परवाना मिळणे ही फार कठीण गोष्ट असावी. आणि तो एकदा नीट पारखून दिला, की ती बंदूक रीतसर बांधून देशात कोठेही नेणे ही सोपी गोष्ट असावी. आज आपल्याकडे याच्या बरोबर उलटे चालले आहे. दाराला कडी नाही आणि अंगणात मात्र काटे पसरून ठेवले आहेत. ते काटे नेमके कुणाच्या पायात मोडतात, हे दाखविण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हद्दींचा खेळ आमच्या हिंगोली भागाइतका क्वचितच कुणी पाहिला असेल. जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. आज ती ओलांडली की माणूस वाशीम किंवा यवतमाळ जिल्ह्यात जातो, एवढेच. पण १९४८ पर्यंत हीच नदी दोन राज्यांची वेस होती. अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, पलीकडे वऱ्हाड. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडे तिरंगा फडकला आणि अलीकडे रझाकारांचा धुमाकूळ माजला. तेव्हा वऱ्हाडातल्या उमरखेडसारख्या ठिकाणी आमच्या लोकांनी छावण्या टाकल्या आणि रात्रीच्या काळोखात हत्यारे घेऊन ते नदी उतरू लागले. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर ही राज्याच्या सरहद्दीवरून केलेली शस्त्रांची चोरटी वाहतूकच! त्याच सुमारास सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे हैदराबादला उतरवीत होता, आणि त्याच्या पाठीशी संस्थानच्या सरकारचा शिक्का होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो शिक्का पुसला गेला. वसमत तालुक्यातील वापटीच्या ज्या बहिर्जी शिंद्यांनी या लढ्यात प्राण दिले, त्यांचे नाव आज वसमतच्या महाविद्यालयाला आहे. शिक्केवाल्यांचे नाव कुणी घेत नाही. तेव्हा हद्दीवरचा शिक्का म्हणजेच न्याय, असे आम्हाला कुणी शिकवू नये. आमची ती शिकवणी फार पूर्वी झालेली आहे.

पण तो काळ बंडाचा होता. आज राज्य आपलेच आहे. म्हणून शांततेच्या काळातले उदाहरण घेऊ. सेनगाव-कळमनुरीकडच्या एखाद्या जुन्या वाड्यातली भिंतीवरची बंदूक डोळ्यांसमोर आणा. ती आधी निजामाच्या राज्यात होती. मग ती भारतातील हैदराबाद राज्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ ला ती मुंबई राज्यात गेली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९९९ ला परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला, तेव्हा तिचा जिल्हाही बदलला. तिकडे किनवटचे पाहा. किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडला आला तो १९५६ मध्ये. आणि ज्या राज्याला आम्ही शेजारचे आंध्र म्हणत होतो, ते २ जून २०१४ ला तेलंगण झाले. बंदूक खुंटीवरून वीतभरही हलली नाही. हद्दीच तिच्या भोवती फिरत राहिल्या. त्या बंदुकीने कुणाला धोका व्हावयाचा असेल तर तो यांपैकी कोणत्या तारखेला वाढला आणि कोणत्या तारखेला कमी झाला, हे मला कुणी समजावून सांगेल काय?

आता कायदा पाहू. हत्यारांचा पहिला मोठा कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ साली आला. त्यात हिंदी माणसाला परवाना आणि युरोपियनाला सूट, असा उघड भेद होता. कायद्याचा खरा हेतू त्या सुटीतच दिसत होता. देशाला हा अपमान इतका झोंबला की राष्ट्रसभेच्या आरंभीच्या काळापासून त्याच्या विरुद्ध ठराव होत राहिले, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पुढे स्वराज्य आले. १९५९ साली नवा कायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. गोऱ्या-काळ्याचा भेद गेला, हे खरे. पण भेद करण्याची हौस गेली काय?

घटनेच्या सातव्या परिशिष्टात शस्त्रे, बंदुका, दारूगोळा हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. कायदा साऱ्या देशाला एक, नियम एक, परवान्याचा नमुनाही एक. पण त्या परवान्यावर एक रकाना असतो: परवाना कोणत्या क्षेत्रापुरता. तेथे कुणाच्या नशिबी जिल्हा येतो, कुणाच्या नशिबी राज्य. ही खरी वेस. २०१० साली केंद्रीय गृहमंत्रालयाने धोरण आखले की, राज्य सरकारने सामान्य अर्जदाराचा परवाना आपल्या राज्यापुरता आणि फार तर लगतच्या तीन राज्यांपुरता करून द्यावा. अखिल भारताचा शिक्का राज्याने कुणाला द्यावा? केंद्रीय मंत्री, खासदार, सैन्यातील व निमलष्करी दलांतील नोकरदार, अखिल भारतीय सेवांतील अधिकारी, बदलीच्या नोकरीतील अधिकारी आणि नेमबाज खेळाडू यांना. बाकीच्यांनी दिल्लीचा उंबरठा झिजवावा.

नेमबाजांबद्दल माझी तक्रार नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे यांनी आपल्या रायफली-पिस्तुले देशभर न्यावीत, त्यात महाराष्ट्राचीच शोभा आहे. सैनिकाबद्दल तर प्रश्नच नाही. पण खासदाराच्या पिस्तुलाला सारा देश अंगण आणि शेतकऱ्याच्या बंदुकीला जिल्ह्याची वेस, हा भेद कोणत्या तत्त्वावर उभा आहे? खासदाराचा हात अधिक स्थिर असतो की त्याचा राग अधिक आवरलेला असतो? लिटनसाहेबांनी माणसाची कातडी पाहून सूट दिली. आम्ही खुर्ची पाहून देतो.

याचे फळ काय होते ते सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला. नोकरीत असताना त्याच्या हाती सरकारने कसली कसली हत्यारे दिली आणि त्याला देशाच्या कोणकोणत्या टोकाला पाठविले, ते तोच जाणे. घरी आल्यावर त्याने रीतसर परवाना काढून बारा बोअरची दुनळी घेतली. परवान्यावर लिहिले होते, महाराष्ट्र राज्य. पुढे त्याला पलीकडच्या राज्यात एका पेढीवर सशस्त्र पहारेकऱ्याची जागा मिळाली. त्याने हद्द वाढवून मिळावी म्हणून अर्ज दिला. अर्जाची पावती मिळाली, उत्तर मिळेना. महिने लोटले, जागा हातची जाईल असे झाले, तेव्हा तो बंदूक खोळीत घालून, काडतुसे वेगळ्या डब्यात ठेवून, परवाना आणि पावती खिशात बाळगून एका ओळखीच्याच्या जीपमधून निघाला. सरहद्दीवरच्या एका नाक्यावर गाडी अडविली गेली. त्याने स्वतःहून खोळ दाखविली. त्याच गाडीच्या पुढे-मागे शेकडो गाड्या गेल्या. त्यांपैकी कुणी आपण होऊन काही दाखविले नाही आणि कुणाला विचारलेही गेले नाही. बंदूक जप्त झाली, जागा गेली, आणि पेन्शनीतले पैसे वकिलाकडे जाऊ लागले. त्याची बायको मला म्हणाली, "गुरुजी, हे खरं बोलले म्हणून अडकले." या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. शाळेत खरे बोलावे असे मीच त्याला शिकविले होते.

या प्रकरणात कायद्याची जी गंमत आहे ती वाचकांनी लक्ष देऊन पाहावी. परवान्याच्या अटीचा भंग केला तर १९५९ च्या कायद्याच्या ३० व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवान्यावाचून बंदूक बाळगली तर २५ वे कलम, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याखाली किमान दोन व जास्तीत जास्त पाच वर्षे कैद. आता सांगा, ज्याच्या खिशात अस्सल परवाना आहे, पण ज्याची गाडी परवान्याच्या हद्दीबाहेर चार कोस आली, त्याने अट मोडली की तो विनापरवाना झाला? एका अर्थाने दोन हजारांचा दंड, दुसऱ्या अर्थाने पाच वर्षांची कोठडी. आणि यांतला कोणता अर्थ कागदावर प्रथम चढावयाचा, ते नाक्यावरच्या अंमलदाराच्या लेखणीवर. न्यायालय पुढे न्याय करीलही. 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, एवढा विवेक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच दाखविलेला आहे. पण न्यायालयापर्यंत पोचेतो माणसाची अब्रू, नोकरी आणि झोप या तिन्ही गोष्टी खर्ची पडलेल्या असतात.

हे सारे सोसून जर गुन्हेगारी आटोक्यात येत असती, तर मी तोंडातून ब्रही काढला नसता. पण चित्र काय आहे? जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी नावाचे गाव आहे. मध्ये नदी, अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे मध्य प्रदेश. तेथील भट्ट्यांवर घडलेले गावठी कट्टे आणि पिस्तुले महाराष्ट्राच्या शहरांत किती वेळा सापडली, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगावयास नको. घडविणाऱ्या कारागिरांची मला कीवच येते. तलवारी पाजळणाऱ्या हातांना आम्ही दुसरे काम दिले नाही, म्हणून ते हे काम करीत बसले. पण मुद्दा असा की, त्या कट्ट्यावर क्षेत्राचा रकाना नसतो. तो भाजीच्या पिशवीतून सरहद्द ओलांडतो. जिनिव्हाच्या एका संशोधन संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात नागरिकांच्या हाती असलेल्या, पण कोठेही नोंद नसलेल्या बंदुका सहा कोटींहून अधिक आहेत. उलट सरकारच्या २०१६ अखेरच्या आकड्यांप्रमाणे साऱ्या देशात परवाने होते ३३ लाखांच्या वर; त्यांतले १२ लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात, आणि आपल्या महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. म्हणजे कायद्याची सारी चाळणी लावली आहे ती या लाखांना, आणि कोटी मात्र चाळणीच्या बाजूने वाहून जात आहेत.

बरे, त्या लाखांचा परवाना तरी पारखून दिला जातो काय? जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दोन लाख ७८ हजारांहून अधिक परवाने अपात्र माणसांना वाटले गेले, असा केंद्रीय अन्वेषण विभागाचा आरोप आहे, आणि त्या प्रकरणात मोठमोठ्या अधिकाऱ्यांना अटक झाली. दाराला कडी नाही, असे मी आरंभी म्हटले ते यासाठीच. दारात बसलेल्याने पैसे घेऊन कुणालाही आत सोडावे, आणि मग अंगणात फिरणाऱ्या प्रत्येकाला काटा टोचावा, याला बंदोबस्त म्हणत नाहीत.

माझ्याशी वाद घालणारे आता दोन बाजूंनी उठतील. पहिला गट म्हणेल, "मास्तर, तुम्ही फेब्रुवारी २०२४ विसरलात. मुंबईच्या दहिसर भागात अभिषेक घोसाळकर या माजी नगरसेवकाचा खून झाला, तो कोणत्या पिस्तुलाने? उत्तर प्रदेशातल्या परवान्यावरच्या! म्हणजे परराज्यातील हत्याराला मोकळे सोडल्याचेच हे फळ."

मी ते मुळीच विसरलो नाही. उलट माझी बाजू त्या प्रकरणानेच बळकट होते. ते पिस्तूल एका पहारेकऱ्याच्या नावावर होते. त्याने ते मुंबईत आणले आणि येथील पोलिसांकडे त्याची नोंद केली नाही, असे तपासात पुढे आले. आणि गोळ्या झाडल्या त्याने नव्हे, त्याच्या मालकाने. म्हणजे घात कोठे झाला? हत्याराने सरहद्द ओलांडली तेथे नव्हे. ते येथे राहावयास आले तरी कुणाला कळविले गेले नाही तेथे, आणि ते एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती गेले तेथे. या दोन्ही गोष्टींना कायद्याने आजही मनाई आहे. तीस दिवसांहून अधिक काळ दुसरीकडे बंदुकीसह राहावयाचे तर तेथील अधिकाऱ्याला कळविलेच पाहिजे, हा नियम आहे. आणि परवाना हा माणसाच्या नावाचा असतो, घराच्या किंवा धन्याच्या नावाचा नसतो. या नियमांच्या मागे लागावयाचे सोडून आम्ही रस्त्यावर काटे पसरतो. उत्तर प्रदेशातून मुंबईपर्यंतच्या वाटेवर त्या पिस्तुलाला एकही काटा टोचला नाही. काटा टोचला तो आमच्या हवालदाराला. जो लपवितो तो सुटतो आणि जो दाखवितो तो सापडतो, असा नियम म्हणजे लपविण्याचे शिक्षणच नव्हे काय?

मोटारीचे उदाहरण घ्या. १९८८ च्या मोटार कायद्याप्रमाणे हिंगोलीत मिळालेला वाहन चालविण्याचा परवाना साऱ्या भारतात चालतो. गाडी मात्र दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिची नोंद तेथे करावी लागते. प्रवासाला मोकळीक, मुक्कामाला नोंद. किती सरळ गोष्ट! "मोटार माणूस मारण्यासाठी केलेली नसते," असे कुणी म्हणेल. मान्य. पण २०२२ या एका वर्षात आपल्या रस्त्यांवर एक लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, म्हणून कुणी तेलंगणच्या सरहद्दीवर हिंगोलीच्या ड्रायव्हरला खाली उतरविले नाही. धोका मोठा म्हणून पारख कडक करा. पण पारख झाल्यावर विश्वास तरी ठेवा.

आणि विश्वास ठेवण्याची रीत आपल्याला ठाऊक नाही असेही नाही. आमच्या रस्त्याने पंजाबातून नांदेडच्या हुजूर साहेबांकडे जाणारे यात्रेकरू नेहमी दिसतात. त्यांच्या कमरेला कृपाण असते. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने ते धर्माचरणाचा भाग म्हणून मान्य केले आहे. कृपाण आणि बंदूक एक नव्हेत, हे मलाही कळते. पण अमृतसरहून नांदेडपर्यंत इतक्या राज्यांच्या वेशी ओलांडताना त्या कृपाणासाठी कुणी क्षेत्राचा रकाना काढला नाही, आणि त्यामुळे देश काही बुडाला नाही.

दुसरा गट याहून उत्साही आहे. तो म्हणतो, "मास्तर, शाबास! आता पुढचे पाऊल टाका. बंदूक बाळगणे हा नागरिकाचा हक्कच आहे असे म्हणा. अमेरिकेत पाहा!" या मंडळींचा हात मी माझ्या खांद्यावरून नम्रपणे काढून ठेवतो. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची सूचना आणली होती. त्यामागे कराचीच्या ठरावाचा आधार होता आणि परकीय सत्तेने नि:शस्त्र केलेल्या राष्ट्राची वेदनाही होती. डॉ. आंबेडकरांनी ती सूचना मान्य केली नाही. ज्यांच्या हाती शस्त्र पडणे समाजाला घातक, त्यांनाही असा सरसकट हक्क सांगता येईल, हा धोका त्यांनी ओळखला होता. मी डॉक्टरसाहेबांच्या बाजूचा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले की, अमेरिकेसारखा शस्त्राचा हक्क आपल्या घटनेत नाही. नाही, आणि नसावा.

अमेरिकेचे म्हणाल तर तेथे माणसांहून बंदुका अधिक आहेत. शाळेत गोळीबार झाल्याची बातमी तेथून येते तेव्हा मला माझे वर्ग आठवतात आणि अन्न गोड लागत नाही. पण शत्रूच्या घरातलाही दिवा दिसला तर तो दिवा म्हणावा. त्या देशात राज्याराज्यांचे बंदुकीचे कायदे एकमेकांहून अगदी निराळे आहेत. न्यू जर्सी, जेथे आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले आणि सुना राहतात, तेथील कायदा कडक, तर इतर कित्येक राज्यांत सैल. यावर त्यांनी १९८६ साली एक केंद्रीय तोड काढली. जेथून निघालात आणि जेथे पोचावयाचे, त्या दोन्ही ठिकाणी बंदूक बाळगणे तुम्हाला कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून गाडीने जाताना ती रिकामी करून, हाताशी येणार नाही अशी बंद करून न्या. मधल्या राज्याने अडवू नये. पन्नास कायदे असलेल्या देशाला जे साधले, ते एकच कायदा असलेल्या आम्हाला का साधू नये? त्यांचा बंदुकांचा सुकाळ आम्हाला नको. ही वाटेची तोड तेवढी हवी.

आता मला काय हवे ते मोघम न बोलता सांगतो. पहिले, परवाना देताना आजच्या दसपट कसोशीने पारख व्हावी. अर्जदाराच्या घरच्या बाईमाणसालाही एकांतात विचारावे, की या घरात बंदूक आणावी काय? वरातीत बंदूक उडविणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. पण मला विचाराल तर ज्याला वरातीत बंदूक मिरवाविशी वाटते त्याला ती मुळात मिळताच कामा नये. मिशीला पीळ देण्यासाठी बंदूक घेणारा माणूस हाच माझ्या मते सर्वांत अपात्र. दुसरे, रानडुकरे आणि रोही पिकात शिरतात म्हणून ठासणीची बंदूक मागणाऱ्या शेतकऱ्याला ती शेतापुरतीच मिळावी. जिचे काम बांधावर, तिची वेस बांधापर्यंत. मी सर्वांनाच मोकळे सोडा असे म्हणत नाही, ते यासाठी. तिसरे, ज्याची पारख झाली आणि ज्याला प्रवासाचे खरे कारण आहे, त्याच्या परवान्याची वेस देशाइतकी असावी, मग तो खासदार असो की पहारेकरी. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदवहीतला स्वतंत्र क्रमांक बंधनकारक केला आहे. तो क्रमांक टाकला की हिंगोलीचा माणूस निजामाबादेत ओळखता येतो. मग ती नोंदवही केली कशासाठी?

चौथे, प्रवासाची रीत एका पानात, मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड अशा भाषांत छापून प्रत्येक परवान्याला टाचावी. बंदूक रिकामी, पूर्ण झाकलेली, काडतुसे वेगळी, अस्सल परवाना जवळ, बंदूक गाडीत सोडून चहाला उतरावयाचे नाही, जत्रा, मिरवणूक आणि शाळेचे आवार यांपासून ती लांब, तीस दिवसांवर मुक्काम तर तेथे वर्दी. यांतले बरेचसे आजच्या नियमांत विखुरलेले आहेच. ते धुंडाळावयास वकील लागतो, एवढेच दुःख. आणि पाचवे, ज्याने ही रीत पाळली आणि नाक्यावर आपण होऊन सांगितले, त्याच्या हद्दीची चूक ही अटीची चूक मानावी, गुन्हेगाराचा कट्टा मानू नये. हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावे. अंमलदाराच्या मर्जीवर ठेवू नये.

कुणी म्हणेल, देशात अन्नपाण्याचे, नोकरीचे एवढे प्रश्न असताना मूठभर बंदूकवाल्यांसाठी एवढी शाई कशाला? शाई बंदुकीसाठी नाही, ती माणसासाठी आहे. जो कायदा प्रामाणिक माणसाला अडचणीचा आणि लबाडाला सोयीचा असतो, तो केवळ निरुपयोगी ठरत नाही. तो प्रामाणिक माणसाला हळूहळू लबाड बनवितो. उद्या माझा तो हवालदार पुन्हा सरहद्दीवरून गेला, तर खोळ उघडून दाखवील काय? मला शंका आहे. आणि तो दाखवीनासा झाला, तर एक बंदूक चुकीच्या राज्यात गेली यापेक्षा कितीतरी मोठे नुकसान देशाचे झालेले असेल. ते कोणत्याही नाक्यावर जप्त होत नाही आणि कोणत्याही अहवालात छापून येत नाही.